तिसरे पोते

प्रिय दत्ता,

स. न. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांची उत्तरे माझ्याकडे राहिली आहेत आणि तिसरे तू रागाने लिहिलेच नाहीस, हे मला समजते. पाठ आहे तशीच आहे, साखर आटोक्यात आहे. प्रकृतीबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही. हे पत्र लिहितो आहे ते एका पोत्यामुळे. घरात हे कोणालाही बोललेलो नाही.

गेल्या महिन्यात माल खाली केल्यावर रिकामे परतायला नको म्हणून दलालाकडून परतीचे भाडे घेतले. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, पशुखाद्याची ३०० पोती होती, प्रत्येकी ५० किलोची. गाडी भरली जात असताना मी केबिनमध्ये झोपलो होतो. रात्रभर चालवून आलेल्या माणसानेही हमालांच्या मागे उभे राहून पोती मोजलीच पाहिजेत, असे तू म्हणशील. तू वीस वर्षे तेच म्हणत आला आहेस. उठलो, सही केली आणि निघालो. वाटेत सवयीने काटा केला, तर वजन बिल्टीपेक्षा १४५ किलोने जास्त भरले. रिकाम्या गाडीचा काटा त्याच सकाळचा होता. डिझेल, ओलावा, काट्या-काट्यांतला फरक असे सगळे धरून पाहिले, तरी ते १४५ किलो काही जिरेनात. तीन पोती होतात, दत्ता.

पहिली आठवण अमली पदार्थांच्या केसमध्ये अडकलेल्या आपल्या चालक बापूची झाली. त्याच्या केससाठी आपण वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा तू बाहेर बाकावर बसून घोरत होतास, म्हणून तुला आठवणार नाही. मला मात्र त्या काळ्या कोटाचे शब्द न् शब्द आठवतात. १९८५ च्या त्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या ३५व्या कलमात आरोपीच्या मनात अपराधी भाव होता असे न्यायालय गृहीतच धरते. तो नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचे, आणि तेही वाजवी शंकेला जागा उरणार नाही इतके. ५४वे कलम तर ताब्यात सापडलेल्या मालाचा समाधानकारक खुलासा मागते. माल ताब्यात होता एवढे आधी सरकारी पक्षाने दाखवले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. पण ज्याच्या हातात स्टिअरिंग आणि खिशात बिल्टी, त्याच्या ताब्याबद्दल वाद घालायला जागा किती उरते, हे बापूला विचार. गांजा २० किलोपेक्षा जास्त निघाला की ते व्यापारी प्रमाण झाले. मग शिक्षा १० ते २० वर्षे, आणि ३७व्या कलमामुळे जामीनही तेव्हाच, जेव्हा हा माणूस दोषी नसावा असे मानायला वाजवी कारण आहे, अशी खुद्द न्यायाधीशाची खात्री पटते. आरोपपत्रालाच १८० दिवसांची मुदत. बापू आत असताना गाडी मालकाला बंधपत्रावर परत मिळाली आणि दुसऱ्या चालकाला घेऊन ती धंद्यालाही लागली. पुढच्या जन्मी चालक होण्यापेक्षा ट्रक झालेले बरे, हे बापूचे वाक्य तेव्हाचेच.

काट्यावरून दलालाला फोन केला. तो म्हणाला, "शेठ, एवढ्यातेवढ्याला काय घाबरता, पोचवून टाका, तिकडे उतरवून घेतील." पोलिसांकडे जावे असे तुझ्या मनात येईल, माझ्याही आले. पण पोत्यात काही निघाले, तर सर्वांत आधी ज्याची चौकशी होईल तो माणूस त्या पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी चालत गेलेला असेल. आणि काही नाही निघाले, तर माल उशिरा पोचल्याचे पैसे कापले जातील आणि पुन्हा भाडे मिळणार नाही. कंटेनर असता तर सुटलो असतो असेही वाटले. तिथे सीलला हात लावायचा नसतो; सीलचा क्रमांक कागदाशी जुळला की आपले काम संपते. आत काय आहे ते पाहायची आपल्याला मनाई असते, आणि तरी आत काय होते हे आपल्याला ठाऊक नव्हते, हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र आपलीच. उघड्या गाडीत निदान पाहता येते, असे मी समजत होतो.

तेव्हा तुझी ट्रंक आठवली. मावशींनी मुलाला द्यायला दिलेली ती पत्र्याची ट्रंक तू आमच्या सर्वांच्या देखत कुलूप तोडून उघडलीस. आत गोधडी आणि औषधाच्या बाटल्या निघाल्या, आणि मी तुला "इन्स्पेक्टर" म्हणायला लागलो ते तुझ्या लग्नापर्यंत. मावशी रडल्या, तू माफी मागितली नाहीस, आणि त्यावरून आपण वर्षभर बोललो नाही. कुलूप तोडणे चूकच होते असे मला अजूनही वाटते. त्यांच्याकडे किल्ली मागायची होतीस. पण तू उघडून पाहिलेस, एवढे तुझ्या पदरी आहे.

मी काय केले ते आता लिहितो. पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी लावली, पंपावरच्या पोराला मोबाईलवर चित्रीकरण करायला सांगितले आणि केबिनमागच्या कोपऱ्यातली ताडपत्री सोडली. वरचा थर बाजूला केला, तर खाली छाप नसलेली तीन पोती होती. पहिल्याची शिवण उसवली, आत तांब्याच्या तारेचे तुकडे. दुसऱ्यातही तेच. बिल नसलेली भंगार, म्हणजे सरळ कर चुकवायचा धंदा. करचोरीचा माल पाहून इतका आनंद झालेला माणूस त्या पोराने बहुधा प्रथमच पाहिला असेल.

तिसरे पोते दोऱ्याने दोनदा शिवलेले होते आणि दोरा निळा होता. वरून हात दाबला तर आत गेला आणि खुळखुळ आवाज झाला नाही. मी त्या पोराला म्हणालो, "बस, बंद कर, तेच असणार." वरचा थर पुन्हा लावला, दोरी आवळली आणि गाडी काढली.

माल उतरवून घेणाऱ्या माणसाने ३०० पोती मोजायच्या आधीच ती तीन बाजूला काढून घेतली. भाडे जागच्या जागी दिले आणि पुढच्या वेळी दलालाला मध्ये न घेता थेट फोन करा म्हणाला. त्याचा दोनदा फोन येऊन गेला आहे, मी उचललेला नाही.

आता रात्री झोप लागत नाही म्हणून बापूच्या केसचे जुने कागद काढून वाचत बसतो. ३५व्या कलमाखालीच स्पष्टीकरण आहे: मनातला अपराधी भाव म्हणजे नुसता हेतू किंवा माहिती नव्हे, एखादी गोष्ट खरी असावी असे मानण्यास कारण असणे हेसुद्धा त्यातच येते. निळा दोरा हे कारण की नाही? बापू खरोखरच झोपेत अडकला. मी जागा होतो. मला ठाऊक नव्हते हे आजही खरे आहे, पण ते तसेच राहावे याची व्यवस्था मी माझ्या हाताने केली, आणि पोते उघडताना जो हात थांबला तो सुतळीमुळे थांबलेला नव्हता. कदाचित त्यात चिंध्या असतील. चिंध्याच असतील, असे रोज सकाळी वाटते आणि रात्री वाटेनासे होते.

सुमनची बदली झाली का? धाकट्याचा निकाल काय लागला ते कळव, आणि तुझ्या घराच्या कागदांचे काय झाले तेही. वहिनींना नमस्कार.

एका गोष्टीचे उत्तर मात्र लगेच पाठव. काट्याची ती पावती माझ्याजवळ आहे, तारीख, वेळ आणि वजनासकट, आणि त्या पोराने केलेले चित्रीकरण माझ्या मोबाईलमध्ये आहे. ते दुसऱ्या पोत्यापाशी थांबते. मी काळजी घेतली होती हे त्यातून दिसते, आणि तिसरे पोते तिथे होते हे मला माहीत होते, हेही त्यातूनच दिसते. ठेवू की फाडून टाकू, ते सांग.

तुझा,
रघू