अहवाल वस्तीतही वाचून दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शहर पानावर एक फोटो अधूनमधून हमखास असतो. ओळीनं मांडलेल्या शिलाई मशीन, मागे बायका, मध्ये पाहुणे, वर बॅनर. कंपनी बदलते, वस्ती बदलते, फोटो तोच. त्यानंतर वर्षभरानं त्याच वस्तीत टॅब घेऊन 'परिणाम' मोजायला जातात, त्यांच्यापैकी मी एक. समाजकार्याची पदवी घेतली आणि आता मूल्यमापन करणाऱ्या एजन्सींसाठी सर्वेक्षण करते, फॉर्ममागे ठरलेल्या पैशांवर. या कामाबद्दल वर्तमानपत्रात फारसं येत नाही, म्हणून हे पत्र.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. त्यात जानेवारी 2021 मध्ये भर पडली. ज्या कंपनीवर मागच्या तीन वर्षांत सरासरी 10 कोटी किंवा जास्त खर्चाची जबाबदारी होती, तिनं 1 कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं, तेही प्रकल्प संपून किमान वर्ष झाल्यावर. नियम चांगलाच आहे. पण आपल्याकडच्या वस्त्यांतले शिवणवर्ग, संगणक वर्ग, आरोग्य शिबिरं बहुतेक 1 कोटीच्या कितीतरी खाली असतात. त्यांना नियम लागूच होत नाही. तिथं मूल्यमापन झालं तर ते कंपनीच्या किंवा प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेच्या मर्जीनं, आणि पैसेही त्यांचेच. ज्याच्या पैशानं तपासणी, त्यालाच नापास करायचं म्हटलं तर पुढचं काम कोण देणार?

प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. कुणाला भेटायचं याची यादी प्रकल्प चालवणारी संस्थाच देते. त्या यादीत वर्ग मध्येच सोडून गेलेल्या बायका नसतात. खरं तर त्यांच्याशीच आधी बोलायला हवं, कारण वर्गाची वेळ धुण्याभांड्याच्या कामाच्या वेळेवर आली, की नवऱ्यानं नाही म्हटलं, की शिकवणंच जमलं नाही, हे त्याच सांगू शकतात. घर दाखवायला संस्थेची ताई सोबत असते. प्रश्न येतो, 'प्रशिक्षणाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?' बाई आधी ताईकडे बघते, मग माझ्याकडे, आणि म्हणते, 'चांगलंच आहे नं.' मी 'पूर्ण समाधानी'वर बोट ठेवते. पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत ताई फोन आला म्हणून बाहेर गेल्या, तेव्हा तीच बाई म्हणाली, 'मशीन भेटली, पण काम भेटून नाही राहिलं. या एका गल्लीत सहा जणी पिको-फॉल करतात, आता बाया साड्या आणून आणून किती आणतील?' मशीनवर कव्हर होतं आणि कव्हरवर मिक्सर. एकाच गल्लीत एकच धंदा शिकवला गेला, हे फॉर्ममध्ये कुठं लिहायचं? शेवटी 'इतर' नावाचा रकाना असतो. त्यात मी मराठीत लिहिलेलं पुण्या-मुंबईच्या ऑफिसात कोण वाचतं, देव जाणे. यादीबाहेरच्या घरी जायला लावणारे सुपरवायझरही भेटले आहेत. पण थोडे.

आणि सुरुवातीची नोंद? ती बहुधा नसतेच. मशीन मिळण्याआधी बाई महिन्याला काय कमवत होती, हे तेव्हा कुणी विचारलेलं नसतं. मग वर्षानंतर आठवणीवर विसंबून 'उत्पन्नात वाढ' काढायची.

हे जमत नाही म्हणावं, तर विदर्भातच ते उत्तम जमलेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत केला आणि जिथं तो केला नाही अशा 47 गावांतही जन्म-मृत्यूच्या नोंदी तितक्याच नेटानं ठेवल्या. प्रयोगाच्या गावांतले नवजात मृत्यू हजारी 62 वरून 25 च्या आसपास आले, दुसरीकडे फारसे हलले नाहीत. म्हणून 1999 मध्ये ते निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे आशा सेविकांच्या कामात ती पद्धत देशभर गेली. उलट उदाहरणही आपलंच आहे. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये अडचणीतल्या शेतकऱ्यांना अनुदानावर दुभत्या गाई दिल्या. कोरडवाहू गावांत वैरण आणि पाणी कुठून आणायचं, हे गाय दारात आल्यावर कळलं. वाटप मात्र कागदावर नीट झालेलं होतं.

माझी मागणी मोठी नाही. अहवाल ज्यांच्या उत्तरांवर तयार होतो, त्यांना तो मराठीत वाचून दाखवा. नियमाखाली येणारे अहवाल कंपनीच्या संचालक मंडळापुढे जातात, वार्षिक अहवालाला जोडले जातात. वस्तीत ते कुणी पाहिलेले नसतात. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यानं कलम 17 खाली ग्रामसभेत सामाजिक अंकेक्षण आणलं, म्हणजे मजुरांसमोर हजेरी आणि मजुरी वाचायची, आणि 'मी त्या दिवशी कामावर नव्हतोच' म्हणायला माणूस उभा राहू शकायचा. समाजमंदिरात तासभर तसं वाचन झालं, तर 'पूर्ण समाधानी'चे किती आकडे टिकतील, ते तिथल्या तिथे कळेल. कंपन्यांनी संस्थेशी करार करतानाच ही अट घालावी. कायदा बदलायची गरज नाही.

सुरुवातीच्या नोंदीचं कामही महाग नाही. मातृसेवा संघाचं आणि तिरपुडे, अशी समाजकार्याची जुनी महाविद्यालयं शहरात आहेत. त्यांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी तसेही वस्त्यांत जातात. मशीन वाटण्याच्या आधी त्यांच्याकडून घरोघरची नोंद करून घेता येईल, आणि ती कंपनी व संस्था दोघांच्याही हाताबाहेर, महाविद्यालयात राहील.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. वाटपाची बातमी छापताना आधीची नोंद झाली आहे का आणि अहवाल कधी वाचला जाणार, हे आपल्या वार्ताहरानं कार्यक्रमातच विचारावं आणि उत्तर फोटोखाली छापावं.

(पुढची कामं याच एजन्सींकडून येतात, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.)

आपली,
एक सर्वेक्षक
नंदनवन, नागपूर