राजीनामा आधी, फोन नंतर

ठाणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर नोकरी सोडल्याचं सांगितलं तेव्हा बाबा गप्प झाले आणि आई नुसतं "बरं" म्हणाली. तेव्हापासून ते "बरं" कानातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, आधी तुमच्या काळजीचं. नोकरीची 24 वर्षं पूर्ण झाली होती, ग्रॅच्युइटी मिळाली. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. हिशोब तुम्ही करून बघालच. पीएफला हात लावलेला नाही. घराचं कर्ज फिटलंय.

आता खरं कारण. 2017 च्या जुलैत जीएसटी लागू झाला. त्याआधी तीन महिने मी रात्री जागून तो शिकले, ऑफिसातल्या पोरांना शिकवला. वर्षभराने त्यांतलाच एक माझा साहेब झाला. मला सांगण्यात आलं, "मॅडम, तुम्हाला घर असतं, ही धावपळ कशाला?" मी म्हणाले, "बरं सर." लोकलमध्ये ठाण्यापर्यंत उभी आले आणि घरी येऊन कुकर लावला. तुम्हालाही सांगितलं नाही. ते "बरं सर" पुढे कितीतरी वर्षं घशात अडकून होतं.

मग गेल्या वर्षी पोळ्यांच्या मावशींनी त्यांच्या बचत गटाच्या वह्या तपासायला लोकमान्य नगरला बोलावलं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब ही गटाची पंचसूत्री. मी हिशोबापुरती गेले होते, बैठक संपेपर्यंत बसले. तिथे कर्ज हवं असेल तर सगळ्यांसमोर तोंडाने मागावं लागतं: किती, कशाला, कधी फेडणार. माझ्याकडे उचल मागताना दाराला टेकून पुटपुटणाऱ्या मावशी तिथे खणखणीत म्हणाल्या, "मला आठ हजार पाहिजेत. शिलाई मशीनला मोटर बसवायचीय. दहा महिन्यांत फेडीन." माझ्या दारात त्यांचा आवाज का बसतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा टोचलं. आणि असं स्वच्छ काही मी कधी कुणाकडे मागितलं नव्हतं, हेही. असे गट बांधणारं महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 चं, म्हणजे माझ्याच वयाचं. इतकी वर्षं हे गट माझ्या आसपास होते आणि मी एकाही बैठकीला बसले नव्हते.

आई, तुझ्याशी वेगळं बोलायचंय. तू 48 ची असताना मध्यरात्री स्वयंपाकघरात ओल्या पदराने मान पुसत बसायचीस. आम्ही म्हणायचो, आई हल्ली फार चिडते. आता माझ्याही अंगातून वाफा निघतात, उशी भिजते. सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली म्हणायची, आणि त्याआधीची काही वर्षंही अशी जातात, हे मला डॉक्टरबाईंनी समजावलं. तुला कुणी काही समजावलं नाही. आम्ही फक्त नावं ठेवली. माफ कर मला. त्याच दिवसांत तू शिवणवर्ग काढायचं बोलली होतीस. बाबा म्हणाले, "आता या वयात?" तू म्हणालीस, "बरं." बाबा, राग मानू नका, मी तिथेच बसले होते, मीही काही बोलले नाही.

सध्या पाच घरगुती व्यवसायांचे हिशोब बघते. फी मी ठरवते. पहिल्यांदा आकडा सांगताना आवाज कापला, दुसऱ्यांदा कमी. मंगळवारी दुपारी गटातल्या बायकांना वह्या लिहायला शिकवते.

आई, दिवाळीनंतर दोघं इकडे या. ट्रंकेतल्या तुझ्या दूध-किराण्याच्या वह्यांतल्या दोन घेऊन ये. एका पगारात महिना कसा बसवायचीस, ते बायकांना तूच सांग. यायचं नसेल तर नाही म्हण, पण "बरं" म्हणू नकोस. बाबा, एसटीत आईला अर्धं तिकीट आहे आणि तुम्हाला 75 पुढे तिकीटच नाही. आधार कार्ड तेवढं खिशात ठेवा.

तुमची,
ताई