डिपॉझिट परत करण्यालाही मुदत हवी

महोदय,

भाड्याचे घर सोडताना होणारे बहुतेक वाद घराच्या ताब्यावरून होतच नाहीत, ते डिपॉझिटवरून होतात. मी स्वतः घरमालक आहे. तरीही या बाबतीत आपला कायदा आम्हा मालकांकडे जरा जास्तच झुकला आहे, असे माझे मत आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 24 पाहा. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली आणि राहणारा हलला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो. शिवाय मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मिळते. तरतूद योग्यच आहे; ती नसती तर माझ्यासारख्या अनेकांनी घरे कुलूप लावूनच ठेवली असती. पण वेळेवर घर रिकामे करून किल्ल्या हातात देणाऱ्याचे डिपॉझिट मालकाने अडवून ठेवले, तर? तिथे असा दुपटीचा दंडुका नाही. नोटीस पाठवा, दिवाणी दावा लावा. वकिलाची फी आणि हेलपाटे यांतच रक्कम संपणार हे दिसत असल्याने माणूस नाद सोडून देतो, आणि तो नाद सोडणार हे मालकाला आधीच ठाऊक असते.

केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात याचे उत्तर आहे: निवासी घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतके, आणि देणे वजा जाता ते ताबा घेण्याच्या दिवशीच परत. मात्र तो नमुना आहे, स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचे. आपल्याकडे 1999 चाच कायदा चालू आहे.

वजावट कशाची, हा खरा भांडणाचा मुद्दा. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा आहे, पण भाडेपट्ट्याबाबत त्यातही लिहून ठेवले आहे की, वापराने होणारी वाजवी झीज सोडून घर होते तसे परत करायचे. दोन-तीन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडतो, नळाचा वॉशर जातो. ही झीज. फुटलेले बेसिन किंवा ड्रिलने चाळण झालेल्या टाइल्स हे नुकसान. एवढा साधा फरक असूनही एजंटच्या तयार मसुद्यात ‘रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे वजा’ असे वाक्य बिनदिक्कत घुसवलेले असते आणि सही करताना ते कुणी वाचत नाही. घर नव्याने रंगवून पुढच्या माणसाला वाढीव भाड्याने द्यायचे, तर तो खर्च माझा. तो जुन्याच्या माथी का मारायचा?

राहणारेही सगळे धुतल्या तांदळासारखे नसतात. ‘शेवटचे दोन महिने डिपॉझिटमधून वळते करा’ असे फोनवर सांगून टाकायचे आणि मागे थकलेले वीजबिल, मोडका गीझर ठेवून जायचे, हेही सर्रास चालते. डिपॉझिट हे आगाऊ भाडे नव्हे. ते असे आधीच संपवले, तर मालकाच्या हातात काय उरते?

त्यात अनेक मालक करार नोंदवतच नाहीत. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, व ती जबाबदारी मालकाची आहे. नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर. नोंदणीचे पैसे वाचवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नोंदणी आता ऑनलाइन होते. सरकारने त्यातच दोन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. घर देताना आणि परत घेताना फोटो व मीटर रीडिंगसह दोघांच्या सहीची ताबा-नोंद असावी. आणि डिपॉझिट किल्ल्या घेतानाच परत करावे. वजावट असेल तर पंधरा दिवसांत बिलासह हिशेब द्यावा, तोही चुकवला तर व्याज लागावे. मुदत उलटल्यावर राहणाऱ्याला दुप्पट भरावे लागत असेल, तर मालकाला निदान व्याज तरी भरावे लागू दे.

आपला,
एक घरमालक वाचक