‘वाढवायची म्हन’

सोलापूर,
आषाढी एकादशी

प्रिय सुमे,

कथा मिळाली. काल रात्री एकदा वाचली, आज सकाळी डबे भरून झाल्यावर पुन्हा वाचली. खरं सांगते, पहिल्या दोन पानांत तू मला कुठेच सापडली नाहीस. ते तांबूस ढग, त्या वडाच्या पारंब्या, सगळं नीटनेटकं आहे, पण ते कुणीही लिहिलं असतं. जी. ए. वाचायला लागल्यापासून तुझी वाक्यं लांबत चालली आहेत, हे मी वर्षभर बघतेय.

आणि कथेसोबतच्या पत्रात तू काय लिहिलंयस, आठवतं? पतपेढीत एक म्हातारी आली. नातवाच्या फीसाठी तिला ठेव काढायची होती. तू काउंटरवरून विचारलंस, ‘‘आजी, मोडायची ना?’’ तर ती म्हणाली, ‘‘मोडायची म्हनू नगं बाई. वाढवायची म्हन.’’

सुमे, हे वाचून मी हातातलं काम ठेवलं. ती ठेव तिच्या मालकांनी ठेवलेली, त्यांच्या हातचं मागे उरलेलं तेवढंच. बांगडी फुटली की आपण ‘वाढवली’ म्हणतो. ज्या बाईच्या हातात आता तशा बांगड्या नाहीत, तिने तो शब्द त्या पावतीला लावला! आणि तू हे चार ओळींत उरकून पुढे पावसाची चौकशी केलीस.

तुझा कान हीच तुझी खरी ताकद आहे. कोण कसं बोलतं, कुठे अडखळतं, कुठला शब्द टाळतं, हे तुला आपसूक कळतं. फोनवर तू सासूबाईंचं बोलणं सांगतेस तेव्हा त्या मला डोळ्यांसमोर दिसतात. मग कथा लिहायला बसलीस की हा कान बाहेर का ठेवतेस?

हीच चूक मी केली, म्हणून जीव तुटतो. माझी एक कथा ‘वर्णन कमी पडते’ असा शेरा मारून परत आली होती. पुढची दोन वर्षं मी नुसती वर्णनं घोटली. मग एका रात्री आईवर लिहायला बसले. भिजवलेलं तेंदूचं पान, मापाचा पत्रा ठेवून ते कातरणं, जर्दा भरून बिडी वळणं, दोरा गुंडाळणं, आणि हे सगळं मान वर न करता, बोलता बोलता. तेव्हा कळलं, मला काम करणारे हात दिसतात. तिथून माझं लिहिणं माझं झालं.

माडगूळकर तुझ्या सांगोल्याकडचे, माणदेशातलेच. ते चित्रं काढायचे. १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’त माणसं आणि माळ इतक्या थोडक्या रेघांत उभे राहतात, ती रेघ हातात असणारा माणूस लिहीत होता. तुझ्या हातात बोलणं आहे.

फक्त ऐकलेलं सगळंच्या सगळं उतरवू नकोस. माणूस दहा वाक्यं बोलतो, त्यातलं एखादंच खास त्याचं असतं, ते निवड. म्हातारीचं ‘नगं’ तसंच राहू दे, प्रमाण भाषेत आणलंस की ती गेली. लिहिलेलं स्वयंपाकघरात मोठ्याने वाच. जीभ अडखळली की ते वाक्य तुझं नाही, काढून टाक. वर्णन लागेलच, पण बोलण्याला टेकायला हवं तेवढंच. काउंटरच्या काचेखालची फट आणि तिच्यातून आत सरकवलेली, घड्या पडून मऊ झालेली पावती. एवढं पुरे.

दिवाळी अंकाची मुदत जाऊ दे, पुढच्या वर्षी देऊ. वड आणि ढग काढून टाक, म्हातारीच्या वाक्यापासून सुरुवात कर. घरी गेल्यावर तिने नातवाला काय सांगितलं असेल, ते मला ऐकायचंय. ठेव मोडली, हे ती त्याला कुठल्या शब्दांत सांगेल?

पहिलं पान झालं की लगेच धाड, पुरं व्हायची वाट बघू नकोस.

तुझीच,
मंदा