1.3 च्या दाबाला 2.4 चे पैसे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: आईच्या हायपरबेरिक ऑक्सिजनच्या 20 सिटिंगचे 70,000 रुपये परत मिळणेबाबत

महोदय,

माझ्या आईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन दिलं, त्याला चार वर्षं झाली. कॅन्सर गेला, पण गेल्या वर्षापासून लघवीतून रक्त जायला लागलं. रेडिएशनने मूत्राशयाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात, तिथे प्राणवायू पुरेसा पोचत नाही, असं डॉक्टर म्हणाले. चिठ्ठीवर लिहून दिलं: हायपरबेरिक ऑक्सिजन (म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली बंद कक्षात शुद्ध प्राणवायू), 2.4 एटीए (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 2.4 पट), 90 मिनिटं, 30 सिटिंग. तीच चिठ्ठी तुमच्या काउंटरवर दाखवली. "हो, हेच आमच्याकडे होतं," म्हणत बाईंनी पहिल्या 20 सिटिंगचे पैसे भरून घेतले.

आई रोज चेनच्या फुगवलेल्या पिशवीत झोपायची, नाकात नळी. विसाव्या दिवशी माझं लक्ष दाबाच्या काट्याकडे गेलं. 1.3! विहिरीच्या हिशोबात सांगते: 1.3 म्हणजे तीन मीटर पाण्याखालचा दाब, 2.4 म्हणजे चौदा मीटर. जाब विचारला तर, "आजींना सोसवायला हवं ना, सौम्यच बरं." हे ठरवणारे तुम्ही कोण?

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. आई डोक्याला खोबरेल तेल चोपडून, मोबाईल घेऊन आत जायची. कुणी हटकलं नाही. आता ज्या रुग्णालयात जातो, तिथे पहिल्याच दिवशी कान तपासले, छातीचा एक्स-रे पाहिला, सुती कपडे दिले. तेल, मोबाईल बाहेर, कारण एवढ्या ऑक्सिजनमध्ये एक ठिणगीही पुरते.

गुण आला नाही म्हणून मी भांडत नाहीये. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या कॅन्सरवरच्या वैद्यकीय नियतकालिकातला 2019 चा जो अभ्यास तुमच्या पत्रकात मिरवलाय, तो मी मुलाकडून समजून घेतला. नॉर्डिक (उत्तर युरोपातल्या) देशांतले 79 रुग्ण, आईसारखाच त्रास, 30 ते 40 सिटिंग, दाब 2.4 ते 2.5. तुमच्या पिशवीचा त्याच्याशी काय संबंध?

तुमच्याकडे घालवलेल्या त्या महिन्यात आईला दोनदा रक्त चढवावं लागलं.

15 दिवसांत पूर्ण रक्कम आणि रोजच्या दाबाच्या नोंदींची प्रत मिळावी. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. डॉक्टरांची मूळ चिठ्ठी तुमच्याच फाइलमध्ये आहे, तीही कुरियरने पाठवा.

आपली ग्राहक,
(सही)