बोल्डच्या बटणाची गोष्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू बनवतोयस त्या एडिटरबद्दल, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रामबद्दल, तू एवढंच विचारलंस: अर्धा मजकूर ठळक, अर्धा साधा, तो सगळा सिलेक्ट करून बोल्ड दाबलं तर काय व्हावं? सगळं ठळक व्हावं. झालं उत्तर. पण माझं पत्र इतक्यात संपतं होय!

बटण दाबणाऱ्याला बहुतेक वेळा ‘हे उठून दिसू दे’ एवढंच हवं असतं. नको असेल तर तो पुन्हा दाबेल. प्रत्येक अक्षर उलटवत बसलास तर ठळक ते साधं आणि साधं ते ठळक होऊन नुसता गोंधळ. एडिटर बनवायला तू जी प्रोझमिरर नावाची तयार लायब्ररी वापरतोस, तिचं टॉगल (ठळकपणा चालू-बंद करणारी आज्ञा) मात्र मुळात उलट चालतं: निवडीत कुठेही ठळकपणा सापडला की तो आधी पुसतं. ते बदलायला पर्याय आहे, आधी तो बदल. दोनदा दाबल्यावर मूळची सरमिसळ परत येणार नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्याला अनडू आहे.

खरी कटकट काही सिलेक्ट केलेलं नसताना होते. कर्सर शब्दाच्या पोटात असेल तर वर्ड अख्खा शब्द ठळक करतो. मला ते पटतं, कारण अर्ध्या शब्दावर जोर देणारा क्वचितच भेटतो. ठळक शब्दानंतर टाइप केलेलं काय? ठळकच चालू राहू दे, पण बटण तसं दाबलेलं दिसायलाच हवं. मी खाली बघून टाइप करतो, वर पाहतो तर आख्खा परिच्छेद काळाकुट्ट! लिंकचं वेगळं, ती शेवटच्या अक्षराशीच संपावी.

आता आत आत जाऊ. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत जोर देण्याची \emph ही आज्ञा आधीच तिरक्या मजकुरात वापरली की शब्द सरळ होतो. जोर म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळेपणा, हे त्याला कळतं. वर्डच्या फाइलचंही तसंच: परिच्छेदाची शैली ठळक आणि अक्षरांची शैलीही ठळक असेल तर दोन्ही एकमेकांना खोडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो बग वाटला होता.

देवनागरीत तिरकं अक्षर बहुधा ओढूनताणून वाकवलेलंच असतं, म्हणून जोरासाठी मी ठळकच वापरतो. ‘क्ष’मधल्या क् आणि ष यांच्यामध्ये ठळकपणाची सीमा आली तर जोडाक्षर फुटतं का, ते तुझ्याकडे तपासून कळव.

तुझा,
तोच लांबलचक लिहिणारा