सराव चाचण्या किती दिल्या, यापेक्षा किती तपासल्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षांविषयी मिळणाऱ्या सल्ल्यांत 'भरपूर सराव चाचण्या सोडवा' हे वाक्य हमखास असते. जीमॅट देणाऱ्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे गणित शिकवल्यावर हा सल्ला मला अर्धवट, आणि म्हणूनच नुकसानकारक वाटतो. चाचणी झाल्यावर गुण पाहून विद्यार्थी उठतात आणि खरा अभ्यास जिथे सुरू व्हायला हवा तिथेच तो थांबतो.

एका प्रश्नात क्ष या संख्येची किंमत ठरवण्यासाठी दोन विधानांपैकी कोणते पुरेसे आहे, की दोन्ही लागतात, हे ओळखायचे होते : क्षचा वर्ग 16 आहे आणि क्ष धन आहे. माझ्या विद्यार्थिनीने पहिले विधान एकटेच पुरेसे मानले, कारण उणे 4 चा वर्गही 16 येतो हे तिच्या ध्यानात आले नाही. चुकांच्या वहीत तिने कारण लिहिले, 'निष्काळजीपणा'. हीच चूक वेगळ्या रूपात तिसऱ्यांदा झाली तेव्हा आम्ही तो शब्द खोडून 'वर्ग दिसला की ऋण मूळ तपासायचे' असे लिहिले. निष्काळजीपणावर काय उपाय करणार? या ओळीवर मात्र दुसऱ्या दिवसापासून काम करता आले.

या परीक्षेच्या सध्याच्या स्वरूपात गणिताचे 21, भाषेचे 23 आणि डेटा इनसाइट्सचे (तक्ते, आलेख आणि दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढण्याच्या विभागाचे) 20 प्रश्न असून प्रत्येक विभागाला 45 मिनिटे मिळतात, म्हणजे गणितात एका प्रश्नाला दोन मिनिटांहून किंचित जास्त आणि भाषेत जेमतेम दोन. प्रश्न कोरा सोडून पुढे जाता येत नाही आणि वेळ उरलाच तर विभागाच्या शेवटी फक्त तीन उत्तरे बदलता येतात, त्यामुळे एखाद्या प्रश्नाशी पाच मिनिटे झुंजणाऱ्याचे शेवटचे प्रश्न राहून जातात आणि त्याचा फटका गुणांना बसतो. म्हणून वहीत वेळही नोंदवावा. चार मिनिटे खाऊन बरोबर आलेले उत्तरही माझ्या मते चुकांच्या यादीतच जायला हवे.

भाषेच्या विभागात शब्दार्थांच्या याद्या पाठ करण्यात महिने घालवू नयेत. तिथे उताऱ्याचे आकलन आणि युक्तिवादाची चिकित्सा तपासली जाते, तेव्हा प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा आहे, हे स्वतःच्या शब्दांत लिहिणे अधिक उपयोगी पडते. चुकलेला प्रश्न आठवड्याने, उत्तर न पाहता, पुन्हा सोडवावा. अधिकृत सराव चाचण्या मोजक्याच असतात, त्या पहिल्याच महिन्यात संपवू नयेत.

शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत चाचण्यांचे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. त्या चाचण्यांतील चुका विद्यार्थ्याबरोबर बसून कोण तपासणार आणि त्यासाठी किती तास राखून ठेवले आहेत, हे पैसे भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी जरूर विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक गणित शिक्षक